गोदाकाठी साधनेचे घर: आधी वाळू आणि पाणी, मग भिंत

शहागडला गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा संपतो आणि बीड सुरू होतो. धुळे–सोलापूर महामार्ग इथे पुलावरून नदी पार करतो. उत्तर काठ अंबड तालुक्याचा, दक्षिण काठ गेवराईचा. नदीने वर गेले तर ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव आणि एकनाथांचे पैठण. घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब. पलीकडच्या काठावर शनीचे राक्षसभुवन. चक्रधरस्वामी आणि त्यांचे अनुयायी याच काठाने हिंडले. अशा पट्ट्यात योग आणि ध्यानासाठी निवासी केंद्र उभारावे, तेही निसर्गाला न दुखावता, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही.

अशा केंद्रांची चर्चा बहुतेकदा भिंतीपासून सुरू होते: माती की वीट, बांबू की काँक्रीट. माझे मत असे की शहागडला ती वाळू आणि पाण्यापासून सुरू व्हावी. भिंतीचा विषय त्यानंतरचा. ज्या नदीकाठी डोळे मिटून बसायचे, तिच्याच पात्रातून खोल्यांची वाळू उपसायची आणि तिच्याच पाण्यावर हिरवळ राखायची, यात साधनेचा पायाच डळमळतो.

एकांतात बसण्यासाठी बांधावे कसे, हा प्रश्न मराठवाड्याने दोन हजार वर्षांपूर्वी सोडवून पाहिला आहे. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. त्यातून सह्याद्रीच्या कातळात विहार खोदले गेले. अजिंठ्याच्या वाघोरा नदीच्या वळणावर लेणे क्रमांक १२ आहे. मध्ये चौरस दालन, तीन बाजूंना चार-चार मिळून १२ खोल्या आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे. झोपायला एवढी जागा पुरेशी मानलेली, आणि मोकळी जागा सगळ्यांची सामाईक. वेरूळच्या पाचव्या लेण्यात लांबलचक दालनात दोन बुटके दगडी कट्टे समोरासमोर गेले आहेत. एकत्र बसून पाठ किंवा भोजन करण्याची ती सोय असावी. लेण्यांच्या बाजूला पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी खोदलेल्या असतात, आणि पितळखोऱ्याला तर कातळातून झिरपणारे पाणी बाहेर नेण्यासाठी वाटा कोरल्या आहेत. खोली किती लहान ठेवायची आणि पाणी कुठे साठवायचे हे आधी ठरले. शिल्प आणि चित्र नंतर आले. आजच्या आराखड्यांत हा क्रम बहुधा उलटा दिसतो.

वेरूळची आणखी एक गोष्ट बांधणाऱ्यांनी डोक्यात ठेवावी अशी आहे. तिथल्या बाराव्या लेण्यातल्या मातीच्या गिलाव्याचा अभ्यास पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. हा गिलावा सुमारे दीड हजार वर्षे तग धरून आहे. तंतूंमुळे कीड दूर राहिली आणि ओल आटोक्यात राहिली, असा त्यांचा निष्कर्ष. भांगेच्या लागवडीवर आज कायद्याचे निर्बंध आहेत, पण अंबाडी आणि ताग आपल्या बांधावर येतात. मातीच्या गिलाव्यात ते घालून पाहण्याचे काम शहागडपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या या पुराव्याच्या आधारे कोणीतरी नेटाने करायला हवे.

रामदासांनी दासबोधासाठी शिवथरची घळ निवडली. तिथे बांधण्यासारखे काही नव्हतेच, कातळाने छत दिलेले होते. शहागडच्या सपाट प्रदेशात घळ मिळणार नाही. सपाटीवर कमीत कमी बांधून राहण्याचा मराठी मुलखातला सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग वर्ध्याजवळचा. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले. पुढे तेच सेवाग्राम झाले. आदी निवास आणि बापू कुटी यांच्या भिंती माती आणि बांबूच्या, छपरावर कौले, जमीन शेणाने सारवलेली. खेड्यातले घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे, हा त्यांचा विचार सर्वांना ठाऊक आहे. त्या कुटीविषयी विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७८ मध्ये भाषण केले, ते जगभर वाचले गेले. वर्ध्याचा उन्हाळा जालन्यापेक्षा सौम्य नाही, म्हणून या कुटीचा दाखला आपल्याला हवामानाच्या अंगानेही लागू पडतो.

पाच मैलांचा नियम शहागडला लावला तर काय हाती येते? काळी माती, मुरूम, बेसाल्टचा काळा दगड, कडुनिंब, बाभूळ, पऱ्हाटी, तुराट्या, उसाचे पाचट, अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याचे चिपाड. आणि गोदावरीची वाळू. ही वाळूही पाच मैलांतच असल्यामुळे इथे त्या नियमाला एक अट जोडावी लागते: जवळ आहे एवढ्यावरून ती घेता येत नाही. काँक्रीटच्या एका घनमीटरला जवळपास अर्धा घनमीटर वाळू लागते, गिलाव्याची वेगळी. गोदापात्रातला बेसुमार उपसा, रात्री धावणारे हायवा, महसूल खात्याच्या कारवाया आणि त्यातून होणारे हल्ले या गोष्टी अंबड, गेवराई, घनसावंगीच्या लोकांना बातमीतून कळाव्या लागत नाहीत. वाळूचा थर पाणी मुरवतो आणि धरून ठेवतो; तो गेला की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले. खडीच्या क्रशरवर दगड दळून होणारी ही वाळू नदी वाचवते, पण डोंगर खाते आणि धूळ उडवते. तेव्हा नदीची की कृत्रिम, याआधी वाळू लागेलच कुठे आणि किती, हे ठरवायचे. माती आणि चुन्यात बांधले, गिलावा मातीचा केला, तर वाळूची गरज फार थोड्या जागी उरते.

आता जागा. नदीच्या अगदी काठावर दृश्य सुंदर असते, जमीन काळी कसदार असते, आणि दोन्ही गोष्टी बांधकामाच्या विरुद्ध जातात. पैठणच्या जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग सुटला की शहागडपर्यंतच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. २००६ च्या ऑगस्टमधला आणि २०२५ च्या सप्टेंबरमधला पूर या काठाने पाहिला आहे. जलसंपदा खाते नदीला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोन्हींच्या मधे नियंत्रित. पण काठावर ‘नदी दिसेल अशी खोली’ देण्याचा मोह इतका असतो की रेषेच्या हिशेबात थोडे मागेपुढे केले जाते. पाऊस कमी दिवसांत आणि एकदम पडू लागलेल्या या काळात लाल रेषेच्याही बाहेर राहणे शहाणपणाचे.

काळ्या मातीचा त्रास पुराहून संथ असतो, पण चुकत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतलेली भिंत दोन-तीन हंगामांत तडकते. यावर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या खांबपायाची पद्धत रूढ केली आहे, पण त्यात सिमेंट, सळई आणि वाळू, तिन्ही आले. सोपा उपाय जमीन निवडतानाच हाती असतो. नदीपासून दूर, जिथे मुरूम वर आला आहे, अशी बरड जमीन बघावी. ती स्वस्त असते, पिकाऊ नसल्याने कोणाचे शेत मोडत नाही, पाया हातभर खोलीवर घट्ट लागतो आणि पुराची भीती राहत नाही. महामार्गाचा आवाजही तिथे कमी पोहोचेल. मग नदीवर पहाटे चालत जावे आणि परत यावे; ते चालणेही साधनेचाच भाग होईल. पवनारला विनोबांचा आश्रम धाम नदीच्या काठी आहे, पण उंचवट्यावर. नदी जवळ असणे आणि नदीत शिरणे यांतला फरक तिथे दिसतो.

पाण्याचा हिशेब कोणत्याही वास्तुरचनाकाराकडे जाण्याआधी कागदावर मांडता येतो. जालना जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरू. १०० चौरस मीटर छपरावरून, वाया जाणारे वजा करून, वर्षाला सुमारे ५६,००० लिटर पाणी मिळते. केंद्रात ४० माणसे राहणार आणि शहरी मापाने माणशी रोज १३५ लिटर वापरणार असतील, तर हे पाणी दहा दिवसांत संपेल. माणशी ४५ लिटरवर आले तर एक महिना पुरेल. ४५ लिटरने वर्षभर भागवायचे तर साधारण १,१७० चौरस मीटर छप्पर आणि तेवढे पाणी साठवणाऱ्या टाक्या हव्यात. हे अशक्य नाही, पण त्यात शॉवर नाही, पोहण्याचा तलाव नाही, हिरवळ नाही. आणि सरासरी पाऊस हा मराठवाड्यात फसवा आकडा आहे. २०१२–१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी त्या तोडल्या. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी अशा उच्च पातळी बंधाऱ्यांमुळे गोदाकाठाला पाणी दिसते, पण त्यावर उसाची आणि गावांच्या पाणीपुरवठ्याची मागणी आधीच बसलेली आहे. नव्या केंद्राने त्यात आपली मोटर टाकावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत एका मराठी माणसाचे काम पुन्हा समोर ठेवायला हवे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत संडासाला सामाजिक आणि शास्त्रीय प्रश्न मानून मैल्याचे खत करण्याच्या सोप्या रचना तयार केल्या, लोकांच्या गळी उतरवल्या. दोन खड्ड्यांचा संडास हलक्या जमिनीत उत्तम चालतो. काळ्या मातीत मात्र पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो आणि नदीकाठी तो भूजलात मिसळण्याचा धोका असतो. मुरमाड जमीन निवडण्याचे हे आणखी एक कारण. न्हाणीचे पाणी कर्दळ आणि केळीच्या वाफ्यांतून गाळून झाडांना देता येते. विजेबद्दल फार लिहायला नको: इथे ऊन मुबलक आहे, सौर पॅनेल बसवणारे गावोगाव आहेत, आणि वातानुकूलन नसेल तर गरजही थोडी उरते.

वातानुकूलन टाळायचे असेल तर अखेर भिंतीकडे यावेच लागते, आणि इथे मराठवाड्याचा अनुभव दुहेरी आहे. माळवदाचे घर हा या प्रदेशाचा खास वारसा. दगड-मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, त्यांवर बारीक लाकडे, मग कडुनिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी आणि धुरासाठी छतातच साणे. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना आत शिरल्यावर अंग निवते, ते त्या जाडीमुळे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच घरे हजारो माणसांवर कोसळली. तो भाग तोवर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. भिंतींत बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते, मधे भर होती, कोपरे जुळवलेले नव्हते, आणि डागडुजी म्हणून दरवर्षी टाकलेल्या मातीने छताचे वजन वाढत गेले होते. त्यानंतर लातूर-धाराशिवकडेच नव्हे, सगळ्या मराठवाड्यात दगड-मातीचे घर म्हणजे मरण ही भावना बसली आणि स्लॅब ही सुरक्षेची खूण झाली. शाश्वत बांधकामाविषयी बोलताना हे दुःख विसरून ‘परंपरेकडे चला’ म्हणणाऱ्यांविषयी मला राग येतो. माळवदाचा थंडावा हवा असेल तर किल्लारीचे धडेही घ्यावे लागतील: भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड, जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली भिंतीभोवती फिरणारा सलग पट्टा, कमी उंची आणि हलके छप्पर.

या पट्ट्यांसाठी थोडे सिमेंट आणि सळई वापरण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. जालना हे सळईचे शहर आहे. तिथल्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई होते, म्हणजे खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा तिचा बोजा वेगळा. विजेचा कोळसा मात्र त्यात आहेच. एक टन सिमेंटमागे सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा ही दोन्ही द्रव्ये जिथे माणसाचा जीव वाचतो तिथे वापरावीत, आणि सजावटीला किंवा उंचीला वापरू नयेत. चुना सिमेंटपेक्षा पुष्कळ कमी उष्णतेवर भाजतो आणि घट्ट होताना हवेतला काही कार्बन परत घेतो. घाणीवर मळलेल्या चुन्याचे काम करणारे गवंडी जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीमुळे अजून सापडतात. ही विद्या आणखी एका पिढीनंतर उरेलच असे नाही, म्हणून हे काम आजच त्यांच्याकडून करून घ्यावे.

मातीबद्दलही सावध राहायला हवे. दाबून केलेल्या मातीच्या विटांचे तंत्र ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने देशभर नेले, पण त्यात पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट घालून चालते ती माती वाळूमिश्रित असते. आपली काळी माती फुगणारी. तिला मुरूम आणि चुना मिसळावा लागतो आणि आधी नमुने करून पाहावे लागतात. जुनी माणसे सांगतील की भिंतीला आणि माळवदाला पांढरीची माती सर्वांत चांगली. पण पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. पैठण, तेर आणि जालन्यातलेच भोकरदन इथल्या टेकाडांतून सातवाहन काळाचा इतिहास बाहेर आला. मातीसाठी पांढरी पोखरणे म्हणजे तो इतिहास भिंतीत लिंपून टाकणे. तेवढे टाळावे.

जाड भिंतीचा एक गुणधर्म ध्यानकेंद्राच्या दिनक्रमाशी नीट जुळवता येतो, आणि त्याकडे आराखडे करणाऱ्यांचे लक्ष क्वचित जाते. दीड फुटी मातीची भिंत दुपारची उष्णता साधारण दहा-बारा तासांनी आत सोडते. म्हणून दिवसा गार असलेले घर रात्री कोंदट होते आणि गावात माणसे उन्हाळ्यात माळवदावर झोपतात. सगळ्या इमारती एकाच पद्धतीने बांधल्या तर एक वेळ सुखाची, दुसरी त्रासाची होणार. तेव्हा ध्यानाचे सभागृह जाड भिंतींचे, दिवसा वापरण्याचे. आणि निजण्याच्या खोल्या हलक्या, कुडाच्या, सूर्य मावळताच निवणाऱ्या. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी मातीचा लेप, वर कौले. बांबू आता दुर्मीळ राहिलेला नाही. लातूर जिल्ह्यात लोदग्याला बांबूचे मोठे काम उभे राहिले आहे, मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने कारागीर घडवले आहेत. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवल्याशिवाय मात्र तो भुंग्यांना खुला असतो. पाचटाचे छप्पर दिसायला छान, पण स्वयंपाकघराजवळ आग लागायला क्षण पुरतो. ते फक्त बसायच्या मंडपावर घालावे.

नव्या काळातल्या साधनाकेंद्रांत लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ चे, इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ चे. धम्मगिरीच्या पॅगोडाभोवतीची छोटी शून्यागारे पाहिली की विहारातल्या खोल्यांचीच आठवण होते: एका माणसाला बसता येईल एवढी जागा. मुंबईच्या गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला; एकमेकांत अडकवलेल्या दगडांचा, आधाराच्या खांबांशिवायचा तो घुमट ८,००० माणसांना सामावतो. सळई गंजून इमारत मोडते ही चिंता तिथे नाही, आणि शतके टिकणारी वास्तू हीही शाश्वततेची एक वाट आहे. पण राजस्थानातून दगड आणून उभारलेला तो स्मारकाचा मार्ग. शहागडच्या केंद्राने इगतपुरीच्या शून्यागाराकडून शिकावे.

मातीच्या घराचा खर्च मजुरीत जातो, काँक्रीटचा सामानात. गेवराई, अंबड, घनसावंगीतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, फडाजवळ कोप्या करून राहतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलला परततात. चटया आणि काठ्यांची ती कोपी उभी करणारे हात कूड आणि गिलाव्याचे काम जाणतात. शहरातला पाहुणा मातीच्या खोलीसाठी पैसे मोजेल आणि त्याच गावातली बाई घरकुलाच्या स्लॅबची वाट पाहील, हे दृश्य ओशाळवाणे आहे. ते टाळायचे तर केंद्राचा पैसा सामानाच्या ट्रकमध्ये न जाता या हातांत जायला हवा. सारवण, लिंपण, कौले फिरवणे हे दरवर्षीचे काम. ते ठरल्या दराने, ठरल्या महिन्यांत आणि हंगामापूर्वीच करार करून द्यावे. म्हणजे एखाद्या कुटुंबाला मुकादमाकडून उचल थोडी कमी घ्यावी लागेल.

यातून वर्षाचा आराखडाच वेगळा निघतो. पाऊस पडून टाक्या भरू लागल्या की, म्हणजे आषाढाच्या आसपास, केंद्र उघडावे. वर्षावासाचा काळही तोच. श्रावण ते माघ पाणी असते, हवा बसण्याजोगी असते, पाखरे असतात. फाल्गुनात पाहुणे थांबवावेत. चैत्र-वैशाखात टाक्या तळाला लागलेल्या असतात, पारा चढलेला असतो आणि ऊसतोडीची माणसे गावी परतलेली असतात. तेव्हा भिंती लिंपाव्यात, कौले फिरवावीत, टाक्या साफ कराव्यात, कूड बदलावा. बारा महिने चालणाऱ्या केंद्राचा जमाखर्च असा आठ महिन्यांत बसवायचा तर खोल्या कमी आणि खर्च कमी ठेवावा लागेल. ४० जणांच्या खोल्या, एक सभागृह, एक स्वयंपाकघर, १,२०० चौरस मीटरच्या आत-बाहेर छप्पर: वरच्या पाण्याच्या हिशेबात, वर्षभर उघडे ठेवण्याच्या मापाने, हे इतकेच बसते. आठ महिने चालवले तर उरलेले पाणी अवर्षणाच्या वर्षासाठी टाकीत राहील.